चार ओळी गट्टू उखडा : नागपुरातल्या नर्सरीवाल्यांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातल्या नर्सरी, बालवाडी, प्ले-स्कूल चालवणाऱ्या सर्व संचालक आणि शिक्षिकांस,

स. न. वि. वि.

गेल्या जानेवारीत नातवाच्या ॲडमिशनसाठी सुनेबरोबर पाच नर्सऱ्या पाहिल्या. दोन धरमपेठेकडच्या, एक मनीषनगरची, दोन आमच्या मानेवाडा रोडच्या आसपासच्या. कोणाचंही नाव घेणार नाही, कारण सगळीकडे आमचं स्वागत चांगलंच झालं. एसी वर्ग, स्मार्टबोर्ड, भिंतीवर जिराफ, कॅमेऱ्याचं ॲप. प्रत्येक ठिकाणी मी एकच विचारलं, ‘मुलं बाहेर कुठं खेळतात?’ तीन ठिकाणी पोर्चमध्ये अंथरलेलं प्लॅस्टिकचं हिरवं गवत दाखवलं. एप्रिलच्या सकाळी दहाला त्यावर अनवाणी उभं राहून पाहा एकदा. चौथ्या ठिकाणी मोठं अंगण होतं, पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक. पाचव्या ठिकाणी चक्क वाळूचा हौद होता. त्यावर निळी ताडपत्री आणि ताडपत्रीवर विटा.

‘पेरेंट्स ओरडतात हो, कपडे खराब होतात. ॲन्युअल डेच्या फोटोसाठी उघडतो आम्ही,’ मॅडम म्हणाल्या. प्रामाणिक होत्या बिचाऱ्या.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात नातू उकिडवा बसून दोन्ही हातांनी एक वीट ढकलायला लागला. चांगली दोन बोटं सरकवली त्यानं. ‘नो नो बेटा, डर्टी!’ मॅडम गोड आवाजात म्हणाल्या आणि त्यानं लगेच हात काढले. सून म्हणाली, किती ऐकतो ना. मला मात्र घरी येईपर्यंत ते त्याचं ऐकणंच खुपत राहिलं.

तुम्हाला बोल लावायला मी कोण? १९९६ पासून २०१८ पर्यंत, बावीस वर्षं मी याच गावात बालवाडी चालवली. घराच्या पुढच्या दोन खोल्या, एक अंगण, अंगणात कडुनिंब, तीसेक मुलं, मी, एक शिक्षिका आणि आमच्या मावशी. आणि २००८ च्या उन्हाळ्यात मी स्वतः पैसे मोजून त्या अंगणात गट्टू बसवून घेतले. चिखल व्हायचा, पाऊस झाला की मुलं बूट भरवून घ्यायची, एक आजोबा घसरले होते. शिवाय जवळच एक नवी नर्सरी निघाली होती, तिचं अंगण चकचकीत होतं. खरं कारण हेच.

जुलैत वर्ग भरले तेव्हा फार छान दिसत होतं. आठ दिवसांत टोंगळे (गुडघे) फुटायला लागले. मातीत पडलं की खरचटतं, गट्टूवर पडलं की फुटतं. मग मी म्हणायला लागले, धावू नका. खणायला माती नाही, धावायचं नाही, मग उरली घसरगुंडी. घसरगुंडी एक, मुलं तीस. अर्ध्या तासाच्या खेळात प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार घसरण्या आणि बाकी वेळ रांग. रांगेत ढकलाढकली, चावणं, केस ओढणं. ज्या अंगणात मी बारा वर्षं खुर्ची टाकून निवांत बसत होते, तिथं आता दिवसभर ओरडत होते. आणि दोष देत होते टीव्हीला. आजकालची पोट्टीच अशी, आईबापाचा धाक नाही, वगैरे. दोन वर्षं मी हेच बोलत राहिले.

मावशी एक दिवस भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘मॅडम, त्यांच्या हाताले कामच नाही उरलं.’

हे ऐकून मी गट्टू काढले असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. काढले ते झाडासाठी. कडुनिंबाचा पाला अवेळी पिवळा पडायला लागला, रोपवाटिकेतल्या माणसानं सांगितलं की बुंध्याभोवती मोकळं करा, मूळ गुदमरतंय. एका रविवारी मावशींच्या यजमानांनी सब्बल घालून झाडाभोवतीच्या चार ओळी उखडल्या. खाली आधी मुरूम, त्याखाली आपली काळी माती. सोमवारी घसरगुंडीवर तीन मुलं होती. बाकी सगळी झाडाभोवती.

त्या चार ओळींत पुढच्या मार्चमध्ये जे झालं ते सांगते, कारण या पत्रात मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्यात आहे.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या झाडाखाली एक भेग पडली, मुलाचं बोट जाईल एवढी. चार वर्षांचा एक मुलगा खिशातून चिंचोके आणायचा. एक एक चिंचोका भेगेत सोडायचा आणि कान लावून ऐकायचा. मोजायचा सुद्धा, ‘पाच, सहा, सात, दहा.’ एक मुलगी त्याला म्हणाली, याला तळच नाही. तो म्हणाला, आहे. वाद वाढला तशी तिनं खराट्याची काडी आणली. काडी आत घातली, जिथं थांबली तिथं चिमटीत धरली, बाहेर काढून हाताशी लावली. एक वीत आणि वर चार बोटं. हे मोजायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वर्गात माझा त्या आठवड्याचा विषय होता ‘लाल रंग’.

दोन दिवसांनी रात्री अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या. सकाळी भेग नव्हती. तो मुलगा तिथं उभाच राहिला, मग माझ्याकडे आला, ‘ताई, माझे चिंचोके कुठी गेले?’

उत्तर माझ्या जिभेवर होतं. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की आक्रसते, म्हणून भेगा पडतात आणि मिटतात. सांगून टाकलं असतं तर अर्ध्या मिनिटात विषय संपला असता आणि आम्ही लाल रंगाकडे गेलो असतो. का कोण जाणे, त्या दिवशी मी गप्प बसले. मी म्हटलं, ‘तुला काय वाटतं?’

मुंग्यांनी नेले, असं एकाचं म्हणणं पडलं. देवानं खाल्ले, दुसऱ्याचं. ताईनंच लपवले, असंही एक मत होतं आणि त्याला बराच पाठिंबा होता. चार दिवस खणणं चाललं. मावशींनी जुने चमचे दिले, मी घमेलं दिलं. तिसऱ्या दिवशी तीन चिंचोके सापडले, त्यातला एक फुगून तडकलेला. तो तडकलेला चिंचोका वाटीत ठेवून सगळ्या वर्गात फिरला, मावशींच्या स्वयंपाकघरात गेला, एका मुलीनं त्याला रुमाल पांघरला. बाकीचे चिंचोके शेवटपर्यंत मिळाले नाहीत. आणि मी त्याला भेगेचं कारण अखेर सांगितलंच नाही. ओली माती त्याच्या हातात होती, ती वाळली की तडकते हे त्यानं पुढच्या आठवड्यात ओट्यावर थापलेल्या मातीच्या भाकरीवर स्वतः पाहिलं आणि मला बोलावून दाखवलं.

आपल्या गावात अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय आहे. सगळ्या देशाच्या मातीचे नकाशे नागपुरात बसून केले जातात. आणि आपल्या नर्सरीत पोरगं मातीसाठी पहिला शब्द शिकतं तो ‘डर्टी’.

‘चाइल्ड-लेड’, म्हणजे मुलाच्या कलानं, हा शब्द तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या माहितीपत्रकात मी वाचला. नवा वाटतो, पण ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडक तिथं जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला (आजच्या पालघर जिल्ह्यात) गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. तिथल्या गरिबाघरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शंख, शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. पुढे जवळच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या, म्हणजे गुरं जिथं चरतात तिथं शाळा. आणि इथून पाऊण-एकशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे, जिथं झाडू, चरखा आणि वाफा हीच शिकण्याची साधनं होती. ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला, तो या परंपरेतला. त्यातलं अंगण आपण काढून घेतलं आणि वाडीला एसी लावला.

मुलाच्या कलानं घेणं म्हणजे मुलं मोकाट सोडून शिक्षिकेनं मोबाइल पाहत बसणं, अशी एक समजूत आहे. उलट त्यात शिक्षिकेला जास्त काम असतं. कोण कुठं रमलंय हे पाहायचं, लक्षात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी नेमकी ती वस्तू हाताशी ठेवायची. चमचा पुढे करायचा आणि तोंड बंद ठेवायचं. यातलं तोंड बंद ठेवणं मला बावीस वर्षांत पूर्ण जमलं नाही. मी एक दोनशे पानी वही ठेवली होती, रोज दोन मुलांबद्दल चार-चार ओळी. पालक सभेत मी ती वही वाचून दाखवायची. ‘तुमची मुलगी आज वीस मिनिटं पाणी एका बाटलीतून दुसरीत ओतत होती, सांडणं हळूहळू कमी झालं.’ बाप लोकांना ते फार आवडायचं. आयांना मात्र विचारायचं असायचं, ‘लिहाले कधी लावता?’

तर हा लिहिण्याचा प्रश्न. तुमची खरी अडचण इथंच आहे, मला माहीत आहे. नर्सरीतल्या मुलाची वही भरली नाही तर पालक जूनमध्ये दुसरीकडे जातात.

त्यांना मनगटाबद्दल सांगा. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यात साधारण तीनच दिसतात, बाकीची अजून कूर्चेच्या रूपात असतात, एकेक करून हाड बनू लागतात, बहुतेक सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत आणि शेवटचं त्याहूनही उशिरा. त्या हातात पेन्सिल देऊन चार रेघांत कर्सिव्ह लिहून घ्यायचं म्हणजे ओल्या भिंतीला खिळे ठोकायचे. खणणं, पिळणं, लोंबकळणं, ओलं फडकं झटकणं, मातीचे लाडू वळणं यानं खांदा, कोपर आणि बोटं तयार होतात. तयार झालेला हात पहिलीत लवकर लिहायला लागतो. माझ्याकडून गेलेल्या मुलांनी सुरुवातीला वर्गात मागे राहून पालकांना घाबरवलं, हे खरं आहे. दिवाळीपर्यंत मात्र कोण कुठल्या बालवाडीतून आलंय ते शिक्षिकेला वहीवरून ओळखता येत नसे.

सरकारी कागदही आता तुमच्या बाजूनं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. त्यावर २०२२ मध्ये जो अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात ३ ते ६ वयाच्या मुलांना ठरावीक पाठ्यपुस्तकं नकोत असं म्हटलं आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९९३ मध्ये, यशपाल समितीनं नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा असं सांगितलं होतं. माझ्या नातवाला यंदाही ‘हा कोणता कलर’ असं विचारलं गेलं. त्यानं सांगितलं नाही. घरी येऊन सांगितला.

आणि डोळे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत लांबचं अंधुक दिसायला लागण्याचं (मायोपियाचं) प्रमाण त्या मुलांत ३०.४ टक्के होतं, इतरांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त बाहेर जास्त वेळ राहिल्यानं. पालकांना हा आकडा सांगून पाहा, चष्म्याला सगळे घाबरतात.

आता तुम्ही म्हणाल, ताई, नागपूर आहे हे. मेमध्ये पंचेचाळीस पार जातं. हो, पण मेमध्ये नर्सरी असते कुठं? इतर महाराष्ट्रात शाळा उघडल्या तरी विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, ते उन्हामुळेच. तेव्हा पाऊस आलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे जे कोवळं ऊन पडतं, त्यासाठी लोकांनी तिकीट काढून यावं. त्या दिवसांत तर पहिला तास सरळ बाहेरच घ्या, वर्गात थंडीनं कुडकुडण्यापेक्षा. मार्चपासून वेळापत्रक उलटं करा, आल्या आल्या बाहेर आणि साडेनऊला आत. सावलीसाठी झाड नसेल तर हिरवी जाळी लावा, पण एक कडुनिंब किंवा करंज आजच लावा, पाच वर्षांत उपयोगी पडतो. लोखंडी घसरगुंडी सावलीत सरकवा, पोळते. पाण्याची बादली आणि मग्गा, एवढ्यावर एप्रिल निघतो.

धोके आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. मोकाट कुत्री आहेत, फाटकाला खालून जाळी हवीच. वाळू रात्री झाकायची, मांजरी येतात. ताडपत्री त्यासाठी, दिवसा नाही. पावसाळ्यात रोज सकाळी मुलं येण्याआधी कोपरे, कुंड्या, विटांखाली काठीनं पाहून घ्यायचं, विंचू निघतो. आमच्याकडे दोनदा निघाला, दोन्ही वेळा मावशींना आधी दिसला, कारण ते त्यांचं रोजचं काम होतं. बावीस वर्षांत एका मुलाचा हात मोडला, तो घसरगुंडीवरून, गट्टूवर. केंद्राच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणानं ३ ते ६ वयाच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं म्हटलं आहे. चाळीस मुलांमागे एक शिक्षिका ठेवून बाहेर काढू नका, त्यापेक्षा आतच बसवा.

खर्चाचं म्हणाल तर स्मार्टबोर्डाच्या मानानं काहीच नाही. थोडी चाळलेली वाळू, ट्रकचं एक जुनं टायर, सुताराकडून लाकडाचे ठोकळे (कानस फिरवून), घराघरातून पिचलेल्या वाट्या, चाळण्या, फुटका नळाचा पाइप. पालकांना एक पत्रक पाठवा, ‘शुक्रवारी मळके कपडे घाला.’ मी शुक्रवारपासूनच सुरुवात केली होती. दोन महिन्यांनी आया स्वतःच म्हणाल्या, रोजच मळके घालतो, युनिफॉर्म धुवायचा त्रास वाचतो.

एक अवांतर. तान्हा पोळा. आपल्या नागपूरचा, भोसल्यांच्या काळापासूनचा, लेकरांचा म्हणून असलेला सण. तुमच्याकडे तो कसा होतो ते मी पाहिलंय. धोतर, फेटा, रंगवलेली मिशी, कडेवरचं रडणारं पोरगं, आणि टेबलावर ओळीनं मांडलेले लाकडी बैल, नंबर लावलेले. बक्षीस सजावटीला, म्हणजे आईला. त्या बैलाला चाकं असतात हो. दोरी असते. तो ओढायचा असतो, खडबडीत जमिनीवर, खड्ड्यात अडकवून, उलटा पाडून, शिंग मोडून. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं झाडाखालून फाटकापर्यंत बैल ओढायची, वाटेत ओली माती. कोणाचा बैल चढावर अडतो आणि का, यावर जी चर्चा व्हायची ती मी त्या वहीत लिहून ठेवली आहे. ‘याचा बैल जड आहे.’ ‘नाही, याची दोरी आखूड आहे.’ ‘नाही, याले भूक लागली आहे.’

माझं मागणं मोठं नाही. अख्खं अंगण उखडा असं मी म्हणत नाही, पालकांच्या गाड्याही लागतात, समजतं मला. फक्त एका झाडाभोवतीच्या चार ओळी गट्टू काढा. झाड नसेल तर भिंतीलगतच्या, जिथं दुपारी सावली येते तिथल्या. आणि दिवसातला एक तास तिथं मुलांना सोडा, ज्या तासाला विषय नसेल, थीम नसेल, फोटो नसेल. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलासाठी दिवसाला तीन तास हालचाल सांगते, त्यातला तासभर चांगली धावपळ. मी एकच तास मागतेय. त्या तासात काय झालं ते एका वहीत लिहा आणि पालक सभेत वाचा.

सब्बल माझ्याकडे आहे, मावशींच्या यजमानांचीच, आता गंजली आहे पण चालते. गट्टू एकदा कडेनं एक सुटला की बाकीचे हातानं निघतात. काढलेले फेकू नका, वाळूच्या हौदाची कड बांधायला तेच लागतात. रविवारी सकाळी मी मोकळी असते.

आपली,
एक निवृत्त बालवाडीवाली ताई,
मानेवाडा रोड, नागपूर